अण्णांची भुकेली भिंत

थांबा, हातातलं ठेवा खाली, हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर माझं डोकं फुटेल. आज आमच्या पेठेची फुटबॉलची फायनल होती आणि मी एका भिंतीकडं तोंड करून श्वास सोडत बसलेलो.

भिंत शेजारच्या शिवाप्पा अण्णांची. मूळचे गडहिंग्लजचे, इथं सिमेंट-चुन्याचं दुकान होतं. काकू गेल्यावर दुकान बंद केलं आणि पुढच्या खोलीला नवा गिलावा केला. चुना, त्यात कसल्यातरी दगडाची पूड. हा गिलावा म्हणे हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो आणि खाऊन पक्का होतो. खाऊ दे की. पण भिंतीला जेवण पुरवायचं काम आख्ख्या गल्लीला लावायचं?

दारात कुणीही दिसलं की, "पावणं, आत या. श्वास रस्त्यावर वाया घालवू नगा." कुरिअरवाल्यालापण सोडलं नाही. पंखा बंद, खुर्च्या भिंतीकडं वळवलेल्या. माझे पप्पा अंगानं दांडगे, म्हणून त्यांना कोपरा नेमून दिलाय, कारण "तिथली भूक मोठी हाय." कुणी उठायला लागलं की लगेच चहा टाकतात. रोज संध्याकाळी हेच. पप्पा जातात, वर मलाही ओढतात.

अण्णांकडं तपासायचं एक औषध आहे. गिलावा खरवडून थेंब टाकायचा. गुलाबी झाला तर भिंत उपाशी, नाही झाला तर पोट भरलं. थेंब तेच टाकणार, आमच्याकडं पाठ करून, आणि सांगणार, "लई गुलाबी हाय रं अजून."

आज मैदानावरनं ओरडा आला. आमचा गोल. माझी सटकली. अण्णा चहा करायला आत गेलते, मी बाटली उचलली, ठिकठिकाणी खोल खरवडलं, थेंब टाकले. कुठंच गुलाबी नाही.

अण्णा कप घेऊन दारात उभे.

"अण्णा, हिचं पोट भरलंय की."

"व्हय. दिवाळीतच भरलं."

मी पप्पांकडं बघितलं. त्यांनी कोपऱ्यावरनं नजरसुद्धा हलवली नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं! आख्ख्या गल्लीला माहीत असणार, मीच एकटा येडा.

अण्णांनी कप माझ्यापुढं धरला. "मग उद्यापास्नं येणार न्हाईस व्हय?"

मनात इतक्या शिव्या तयार होत्या, एक बाहेर येईल तर शपथ. म्हटलं, वरची बाजू तपासायची राहिलीय, तिथं गुलाबी असेल.

फायनल आम्ही जिंकली. मी बघितली नाही. आता तुम्ही सांगा, तुम्हाला कुणी असं ढळढळीत फसवलंय का? आणि तरी दुसऱ्या दिवशी गेलात का?