शंभर टक्के समजूतदार गाव

माहितीवाचून माणूस अंधारात राहतो, आणि अंधारातल्या माणसाचा अहवाल नीट भरता येत नाही. म्हणून आमच्या विभागाने त्या गावाला माहिती केंद्र दिले. एक खोली, एक संगणक, एक पंखा (संगणकासाठी) आणि एक केंद्रचालक.

केंद्रचालक अत्यंत जबाबदार गृहस्थ. धुळीने यंत्र बिघडते, म्हणून धूळ आणणाऱ्यांना, म्हणजे गावकऱ्यांना, त्याने पहिल्याच आठवड्यात आत यायला मनाई केली. यंत्र आजही नवे कोरे आहे.

आम्ही पाठवतो त्या प्रत्येक सूचनेखाली 'समजले' असे बटण असते. ते प्रत्येकाने आपापल्या खात्यावरून दाबायचे. पण लोक शेतात, गुरांमागे, वीटभट्टीवर. त्यांना कशाला त्रास? केंद्रचालकाने सगळ्यांची खाती स्वतःच उघडली आणि दर सोमवारी, चहा निवेपर्यंत, अख्ख्या गावाच्या वतीने तो समजून घेऊ लागला. आकलन शंभर टक्क्यांवर गेले. (एका महिन्यात एकशे दोन, गेल्या वर्षी वारलेल्यांनीही साथ दिली.) शेजारच्या गावात लोक स्वतः येऊन, विचारून, मग बटण दाबतात. ते गाव अजून एकेचाळीसवर रखडले आहे.

मग एक दिवस सुईणमावशी केंद्राच्या दारात आली. तिची सून पहिलटकरीण, सातवा महिना, अन्नपाणी ठरत नव्हते. हापशाचे पाणी तपासायला नेले होते, त्याचे पुढे काय झाले, एवढेच मावशीला हवे होते.

"निकाल कधीच आलाय," केंद्रचालक आतूनच म्हणाला. "तुम्हाला समजलाय तो, मावशी. ही काय नोंद."

"मला? काय समजलं मला?"

"ते आता दिसत नाही. समजलेल्या सूचना आपोआप निघून जातात. जागा अडते ना."

"अरे बाबा, मग तुला तरी काय समजलं?"

"माझं काय घेऊन बसलात, मी नुसता चालक. तुमच्या सुनेलाही समजलंय. पोटातल्याचं खातं तेवढं उघडता येत नाही."

मावशीने जाताना हापशावर घागर भरली. जुनी विहीर लांब होती, आणि तिकडे जायला काही कारणही नव्हते.

बाळ गेले. मला फार वाईट वाटले, हे इथे सांगतो, कारण अहवालात त्यासाठी रकाना नाही. आमची चौकशी समिती गेली (प्यायचे पाणी सोबत होते), चपला बाहेर काढून केंद्रात बसली आणि निष्कर्ष निघाला: हापशाचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे अख्ख्या गावाला तीन महिने आधी समजले होते, तरी गाव पीत राहिले. याला अज्ञान म्हणत नाहीत, बेफिकिरी म्हणतात. मावशीला ताकीद देण्यात आली. ती केंद्रामार्फत पाठवली आणि सोमवारी मावशीला समजली.

हापसा चालू आहे. सकाळी तिथे रांग असते, पोरे ओंजळीने पितात. ते पाणी कसे आहे हे आता तुम्हालाही ठाऊक झाले. तुम्ही हळहळलात, मान हलवलीत, आणि आता पान उलटाल. आमच्याकडे यालाच बटण दाबणे म्हणतात. तुमची नोंद घेतली आहे.