पोपट सोलायचे आहेत

विदर्भातल्या आर्वीच्या सखी-सोबती महिला मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्ष कौशल्याबाईंचा निरोप आला, तेव्हा भावना कॉफी पीत होती. "उद्या दुपारी समद्याजणी माह्या घरी पोपट सोलाले येजा. परवा वृद्धाश्रमात जेवण हाय. सुरी आणू नका, नखानं मस्त सोलल्या जाते. किडके निघाले त बाजूले ठेवजा."

कॉफी भावनाच्या नाकात गेली. ठसका आवरेपर्यंत खाली उत्तरांची रांग लागली होती. अनुसयाबाई आपल्या वावरातले कोवळे आणणार होत्या. त्यावर सपनाने लिहिलं होतं, कोवळेच बरे, दात नसलेल्या आज्यांले बी चावतात. खाली चार जणींनी हसरे चेहरे टाकले होते.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून भावना चार महिन्यांपूर्वी पुण्याहून इथे आली. आल्या आल्या तापाने आडवी झाली, तर याच बायांनी आठवडाभर डबे पोचवले, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि बरी झाल्यावर तिला न विचारताच मंडळात घेऊन टाकलं. पुण्यात दहा वर्षं राहून जेवढ्या मैत्रिणी झाल्या नव्हत्या, तेवढ्या इथे एका तापात झाल्या. अशा मायाळू बाया नखाने पोपट सोलतात, हे तिच्या मनाला पटेना. तिने नवऱ्याला फोन लावला. अंकित मीटिंगमध्ये होता. तो कुजबुजत म्हणाला, की इकडचं खाणं जरा तिखटच असतं, तू आपला वरणभात खा.

रात्रभर ती तळमळली. तक्रार करावी तर मैत्रिणी जातात, न करावी तर पोपट जातात. शेवटी सकाळी तिने वनविभागाच्या ऑफिसात फोन केला. 'पोपट' हा शब्द काही तिच्या तोंडातून निघेना, म्हणून ती 'पक्ष्यांची कत्तल' असं म्हणाली. घोटाळा झाला तो तिथेच. 'पोपट' म्हणाली असती, तर फोन उचलणाऱ्या वनरक्षक नीलेशने तिला किलोचा भाव विचारून फोन ठेवला असता.

दुपारी ती कौशल्याबाईंच्या फाटकाशी पोचली, तेव्हा नीलेशही पिंजरा, जाळी आणि हातमोजे घेऊन मोटारसायकलवरून उतरत होता. दोघं आत शिरली. अंगणात सतरंजीवर सात-आठ बाया गोल बसल्या होत्या. मधे हिरव्यागार शेंगांचा ढीग होता, आणि गप्पा इतक्या रंगात आल्या होत्या, की पिंजऱ्याकडे कोणी पाहिलंच नाही.

"ये व पोरी, बस. काऊन एवढा उशीर केला?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"काकू, पोपट कुठे आहेत?" भावनाने विचारलं.

"हे काय, तुया समोर."

भावनाने ढिगाकडे पाहिलं. तिने ढिगात हात घालून पाहिलं. ढिगात वालाच्या शेंगा होत्या, आणि त्यांच्या खालीही वालाच्याच शेंगा होत्या. पाठीमागे नीलेशने हळूच जाळी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"तू काऊन पिंजरा घेऊन आला बापू?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"तक्रार आलती, काकू. इथं पक्षी मारून राह्यले म्हणून."

सोलणारे हात थांबले. कोणी केली असं कोणी विचारलं नाही, पण प्रत्येकीची नजर फिरत फिरत भावनावर येऊन थांबली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी केली," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. संपली चार महिन्यांची मैत्री, आता पुन्हा एकटीने कॉफी प्यायची, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्यात घरातून खणखणीत आवाज आला, "कौशल्ये, चहा ठेव."

"मधुकरराव घरीच हायेत वाटते," नीलेश म्हणाला.

नेमके त्याच क्षणी कौशल्याबाईंचे यजमान मधुकरराव वांग्यांची पिशवी घेऊन फाटकातून आत आले. घरातला आवाज पुन्हा चहा मागू लागला. मधुकररावांची पिशवी हातातून सुटली आणि वांगी अंगणभर पसरली. कौशल्याबाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून आत कोण बोलतंय ते भावनाला कळलं. पंखाला लागलेला एक मिठ्ठू, म्हणजे खराखुरा पोपट, दिवाळीत त्यांच्या पेरूखाली पडला होता. मधुकररावांनी त्याला हळद लावून स्वयंपाकघरात ठेवलं होतं, आणि तो त्यांचंच बोलणं शिकला होता. पोपट पाळणं गुन्हा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

नीलेशने घराकडे पाहिलं. "आवाज कोणाचा होय?"

"माझ्या मोबाइलचा," भावना डोळे पुसत म्हणाली. "रिंगटोन आहे." तिने फोन कानाला लावून हॅलोसुद्धा म्हटलं. आणि त्याच वेळी, मीटिंग संपवून अंकितने फोन केल्यामुळे, तिच्या कानाशी गणपतीची आरती वाजू लागली.

नीलेशने आरती पूर्ण होऊ दिली. मग तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या रिंगटोनच्या पंखाले लागलं असन त उद्या ऑफिसात आणून देजा. डॉक्टरले दाखवू. बरी झाली का सोडून देऊ." एवढं बोलून त्याने हातमोजे काढले आणि तो सतरंजीवर बसला. कौशल्याबाईंनी त्याच्यापुढे मूठभर शेंगा टाकल्या.

मग त्याला साहेबांचा फोन आला. "हो सर, तक्रार खरी होती. पोपट भेटले, दोन पोते. नाई सर, पिंजरा नाई लागत. मी स्वतः सोलून राह्यलो."

साहेब साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. अर्ध्या तासात त्यांची जीप फाटकाशी लागली आणि ते धावतच आत आले. "कुठं आहेत पोपट?"

सगळ्यांच्या आधी भावना उठली. तिच्या मांडीवरची सालं खाली सांडली. "हे बघा ना सर. वालाच्या शेंगांना आमच्याकडे पोपट म्हणतात."

'आमच्याकडे' हे कौशल्याबाईंनी नीट ऐकलं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि भावनाच्या सुपात आणखी दोन ओंजळी शेंगा ओतल्या.

साहेब हसत हसत जायला वळले, आणि घरातून आवाज आला, "कौशल्ये, चहा ठेव."

साहेब थबकले. "हे कोण?"

अंगणातल्या सगळ्या बायांनी एकदमच आपापले मोबाइल कानाला लावले.