साळवेकाकांचा 'रफ'

आमच्या शेजारच्या साळवेकाकांकडे गेलात, तर पाणी विचारायच्या आधी ते स्वतःची दाढी पुढे करतील. "हात लावून बघा. ह्याला म्हनत्यात रफ!"

काकांची उभी हयात नागापूरच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग मशिनवर गेली. आता निवृत्त झाल्यावर ते तिथल्याच चार बिहारी कामगारांना संध्याकाळी इंग्रजी शिकवतात. चौघांनाही सुपरवायझर व्हायचं होतं आणि मुलाखत इंग्रजीत होती. शिकवतात म्हणजे 'रफ' हे एकच विशेषण शिकवतात. दिवाळी गेली, गुढीपाडवा आला, शब्द तोच. "एक शब्द मुरू द्या, बाकीचे मागनं येत्यात," हे त्यांचं शिक्षणशास्त्र.

नारळाची शेंडी, ओसरीची भिंत, भाकरीची पाठ, सगळं चाचपून झालं. काकांची हिंदी तर विचारूच नका. "देखो, ये भिंत खरबरीत हय, तो रफ. सायब खेकसके बोल्या, वो बी रफ. और पयले कच्चा काम करते, वो बी रफच!" चौघं मुकाट्यानं 'खरबरीत' घोकत. इंग्रजीचं देव जाणे, मराठी मात्र झकास बोलायला लागले.

मी एकदा म्हटलं, "काका, आता 'स्मूथ' घ्या की."

"तुमाला काय कळतंय? घाईनं मशिनवरचा जॉब बिघडतो!"

काकू गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता आणि लेक श्रीरामपूरला दिलेली. हे ठाऊक असूनही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

मग मुलाखती झाल्या. चौघंही पास; साहेब म्हणे त्यांच्या मराठीवरच खूश झाला. रामविलास पेढे घेऊन आला. काकांनी त्याची पाठ थोपटली, पण पेढा हातातच राहिला. "झालं मग. शिकलात. आता कशाला येताय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सवयीनं सतरंजी अंथरली. वाट बघितली आणि गुंडाळायला घेतली. मला फार वाईट वाटलं. चहाच्या निमित्तानं जावं म्हणून उठलो, तोच त्यांच्या दारात चपला वाजल्या. चौघं उभे होते.

रामविलास डोकं खाजवत म्हणाला, "काका, रफ आजून नीट कळलं न्हाई."

"मला म्हाईतच हुतं!" काका गरजले. "लई मठ्ठ हाय तुमी. बसा."

सतरंजी पुन्हा उलगडून त्यांनी दाढी पुढे केली. ती ओली होती. चौघांनी पाळीपाळीनं हात लावला.