घरतकाकांचं घर खाडीत आहे

सकाळी सात वाजता एक माणूस उंबऱ्यात उकिडवा बसलाय, दोन्ही हातांनी उघडा लॅपटॉप डोक्यावर धरलाय आणि ओरडतोय, "आले का रे? किती आले?" तुम्ही काय समजाल? पाहुणे यायचेत? मीही पहिल्या दिवशी तेच समजलो. पाहुणे कसले, उपग्रह!

पुरुषोत्तम घरत, मोजणीदार, निवृत्त. दारावर पाटीच आहे तशी. चौलला आमच्या आणि त्यांच्या वाडीमध्ये एकच कुंपण. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला, त्यामुळे खिशात टेप नसेल तर त्यांना उघड्यावर आल्यासारखं वाटतं. रेवदंड्याच्या बाजारात पापलेटाला टेप लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. कोळीण म्हणाली, "मोज रं बाबा मोज, मोजून म्हावरं वाढतंय का बघ!" काका शांतपणे म्हणाले, "अंदाजपंचे चालणार नाही."

हे त्यांचं पालुपद. आमटीत मीठ किती? अंदाजपंचे चालणार नाही. पाऊस कधी थांबेल? अंदाजपंचे बोलू नकोस. मग बोलू काय, कपाळ?

तर झालं असं की फोनच्या नकाशावर काकांचं घर खाडीत दिसायला लागलं. कोणी ते टिंब तिथे टाकलं देव जाणे. कुरिअरवाला एकदा चिखलात जाऊन परत आला, एवढंच नुकसान. पण काका पेटले. "आयुष्यभर लोकांच्या हद्दी सरळ केल्या आणि माझं घर पाण्यात? मला ते बाहेर काढायचंय, संज्या!"

संज्या म्हणजे मी. रेवदंड्याच्या एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हा माझा गुन्हा.

मी म्हटलं, "काका, त्यात काय? फोनवर ते टिंब बोटाने उचलायचं आणि घरावर ठेवायचं."

"बोटाने?" त्यांनी माझ्या बोटाकडे असं पाहिलं की मीच ते खिशात घातलं. "नकाशावर तुझ्या एका बोटाखाली दोन वाड्या जातात. बोटाने हद्द ठरते होय? उंबऱ्यावर रीडिंग घ्यायचं. घराची जागा उंबऱ्यावर."

फोनवर त्यांचा विश्वास नाही. फोन म्हणे इकडचं तिकडचं ऐकून जागा सांगतो. म्हणून त्यांनी धंदा बंद केलेल्या कुठल्याशा सर्व्हेवाल्याकडून एक दणकट, विटेएवढा जाड लॅपटॉप आणला. त्याच्या पोटातच जीपीएस. आणि तो जीपीएस काही केल्या जागा सांगेना! एक उपग्रह यायचा, कधी दोन, की गेले. जागा नक्की व्हायला निदान चार लागतात.

तीन आठवडे, सांगतो तुम्हाला, तीन आठवडे या माणसाने माझा जीव खाल्ला. मी ड्रायव्हर काढून परत टाकला. लोकेशनची परवानगी तपासली. दुसरा कुठला प्रोग्रॅम मधे घुसलाय का पाहिलं. म्हटलं, उघड्या आभाळाखाली पंधरा मिनिटं हलवू नका, तर हे डोक्यावर धरून बसणार! म्हटलं, माझ्या गच्चीवर चला, वर आभाळ मोकळं आहे. तर म्हणे, "माझा उंबरा तुझ्या गच्चीवर आहे काय?"

मग त्यांची नजर वर गेली. उंबऱ्यावर सावली कशाची? आमच्या माडाची. मी दुकानात असताना यांनी नारळ काढणाऱ्याला बोलावून आमच्या माडाच्या सात हिरव्या झावळ्या उतरवल्या. सात! न विचारता! माझं डोकंच फिरलं.

आई म्हणाली, "जाऊ दे रे. एकटा माणूस हाय."

"एकटा आहे म्हणून माड तोडायचा?"

"पोरगा निलेश पुण्यात. नऊ वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत. बायको पण गेली. मग माणूस कायतरी करत बसतंय."

मला नाही पटलं. पोरगा बोलत नाही, त्यात आमच्या माडाचा काय दोष?

झावळ्या गेल्या तरी उपग्रह दोनच. रविवारी मी तणतणतच गेलो, म्हटलं आज एकतर हे यंत्र बोलेल नाहीतर मी कायमचा गप्प बसेन. लॅपटॉप पहिल्यांदाच हातात उचलला. एवढा जड? झाकणावर काळं रेक्झिनचं कव्हर होतं, मला वाटलेलं मूळचंच. ठोकून पाहिलं तर आतून टणटण आवाज. शिवण उसवली. आत पत्रा! तेलाचा डबा कापून, ठोकून, बेतून बसवलेला पत्रा!

"हे काय आहे?"

"खारी हवा, संज्या. आपल्याकडे पंखा टिकत नाही, टीव्ही टिकत नाही. आणल्याबरोबर पत्रा बसवला. मिलिमीटरचाही फरक नाही, बघ."

"अहो, याची अँटेना झाकणातच असते! वरच्या कडेला! तीन आठवडे तुम्ही उपग्रहाच्या तोंडावर दार लावून त्याला हाका मारताय!"

मग मात्र मला आवरेना. झावळ्या, ड्रायव्हर, बुडालेली दुकानाची सकाळ, सगळं निघालं. आणि तोंड सुटलंच होतं, त्या वेगात मी बोलून गेलो, "आणि हे सगळं कोणासाठी? निलेशसाठी? तो याच उंबऱ्यावर रांगला ना? त्याला घरी यायला नकाशा लागतो?"

बोललो आणि जीभ चावली. काका पत्रा हातात घेऊन त्याची कड अंगठ्याने चाचपत राहिले.

"त्याला नाही लागत," ते म्हणाले. "त्याला रस्ता पाठ आहे. माहीत असून येत नाही, त्याला नकाशा काय करणार?"

त्यांनी पत्रा उंबऱ्याशी टेकवून ठेवला.

"त्याच्या पोरीला माहीत नाही. तिला शेवटचं आणलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, गाडीत झोपली होती. आता गाडी शिकतेय म्हणे, तुझ्या आईला कोणीतरी सांगितलं. आमचं भांडण आमच्यापाशी. पण उद्या तिच्या मनात आलं आणि बापाला विचारायची सोय नसली, तर ती फोनला विचारणार ना? आणि फोन तिला खाडीवर नेऊन उभी करणार. तिला वाटेल, इथे कोणी राहतच नाही."

मला माझीच लाज वाटली. मुकाट्याने लॅपटॉप उंबऱ्यावर ठेवला, बिनपत्र्याचा. दोन आले, चार आले, मग मोजायच्या आत नऊ. काकांनी आकडे वहीत उतरवले, तीनदा ताडून पाहिले. मग मी ते नकाशावर चढवले आणि घर खाडीतून उठून माडांमध्ये येऊन बसलं.

"नाव काय टाकू?" मी विचारलं. "पाटीवर आहे तेच?"

काका पडद्याकडे वाकले.

"आजोबा, असं टाक."

"काका, आजोबा काय एक आहेत? सापडायचं कसं तिला?"

"मग खाली टाक माझं नाव, गाव, काय ते," ते म्हणाले. "पण वर आजोबाच टाक."