चालू वाचक

वजनमापे कार्यालयाला नवे साहेब लाभले तेव्हा गावातले सगळे काटे बरोबर होते, पण कर्मचाऱ्यांचं वाचन किती भरतं याची नोंद कुठेच नव्हती. ही गोष्ट साहेबांच्या मनाला लागली. त्यांनी परिपत्रक काढलं: प्रत्येकाने सोमवारच्या बैठकीत आपण सध्या वाचत असलेलं पुस्तक सांगावं, त्यावर अभिप्राय द्यावा आणि इतरांना त्याची शिफारस करावी, असे करणाऱ्यास ‘चालू वाचक’ समजण्यात येईल. या शब्दाला कोणीही हसलं नाही. साहेबांच्या आधी हसायची त्या कार्यालयात पद्धत नव्हती.

सुरुवात झकास झाली. साहेब विश्वाच्या उत्पत्तीवरचा एक जाडजूड ग्रंथ वाचत होते आणि तो विचार करायला लावतो, असा त्यांचा अभिप्राय होता. हेडक्लार्क पाठदुखीवरचं पुस्तक वाचत होते; तेही विचार करायला लावणारंच निघालं. शिफारशीपाशी मात्र गाडी अडली. शिफारस वरून खाली येते, खालून वर जाते ती विनंती, हे हेडक्लार्कांनी निदर्शनास आणलं. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना साहेबांच्याच ग्रंथाची शिफारस केली आणि चहा मागवला.

माशी शिंकली ती आवक टपाल सांभाळणाऱ्या कारकुनापाशी. त्यांना सगळे आवकराव म्हणत. त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. तिची दृष्टी गेली होती. रोज संध्याकाळी ते तिला वाचून दाखवत आणि त्यापायी त्यांना पुस्तकं खरोखर वाचायची खोड लागली होती. आपली पाळी आली तेव्हा ते खुशीत म्हणाले, “फार सुंदर पुस्तक आहे. कालच संपलं.”

हेडक्लार्कांनी परिपत्रक डोळ्यांजवळ धरलं. “संपलं म्हणजे सध्या वाचत नाही,” ते म्हणाले. “आणि सध्या वाचत नाही म्हणजे तुम्ही चालू नाही, आवकराव.”

जो चालू नाही तो बंद, हे ओघानेच आलं. बंद वाचकाचं काय करायचं याचाही खुलासा लगोलग निघाला: त्याची बदली जुन्या वजनांच्या गोदामावर. तिथे पोचायलाच अख्खा दिवस जाई. आवकरावांना पहिली चूक म्हणून समज देऊन सोडलं.

त्यांना काळजी लागली ती ताईची. राहत्या घरातली दाराची कडी, पलंगाचा कोपरा, न्हाणीचा उंबरठा, सगळं तिच्या हाताला पाठ होतं. दुसऱ्या घरात ती नव्याने आंधळी झाली असती.

पुन्हा कोणाचं पुस्तक चुकून संपू नये म्हणून कार्यालयाने आपल्या हातचीच विद्या वापरली. तपासलेल्या काट्याला तार ओवून शिशाचं सील ठोकतात, तसं प्रत्येकाच्या पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणाला सील ठोकलं. काहींनी खबरदारी म्हणून प्रस्तावनेपासूनच ठोकून घेतलं. साहेबांचा ग्रंथ तर मुखपृष्ठासकट सीलबंद झाला, आणि तरीही त्यांचा अभिप्राय दर सोमवारी जास्तच खोल होत गेला.

आवकराव तेव्हा ताईला दीपगृहावर राहणाऱ्या एका बाईची कादंबरी वाचून दाखवत होते आणि सोमवारच्या बैठकीतही तिच्याबद्दलच सांगत होते. नवरा समुद्रातून परतत नाही म्हणून ती बाई भर वादळात होडी घेऊन निघते, आणि नेमकी तिथेच तार आडवी आली. आवकराव गुपचूप मागची प्रकरणं पुन्हा वाचू लागले. ताईने काही दिवस ऐकून घेतलं, मग हात पुढे केला आणि पुस्तक मागून घेतलं. तिचा अंगठा पानांवरून फिरत शिशाच्या गोळीवर थांबला.

“हे काय रे?”

“ऑफिसचं आहे, ताई.”

मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. बदली, गोदाम, हे घर.

“म्हणजे मी माझ्या पलंगावर नीट झोपावं म्हणून त्या बाईला समुद्रात सोडायचं होय?” ताई म्हणाली. “भिंती काय, मी नव्याने शिकेन. जा, पक्कड घेऊन ये.”

आवकरावांचे डोळे भरून आले. त्याच डोळ्यांनी त्यांनी पक्कड शोधली, तार तोडली आणि शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ताई कितीतरी वेळ त्यांचा हात धरून बसली होती. इतकं बरं त्यांना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी सील तुटलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं. बदलीची शिफारस साहेबांनी तिथल्या तिथे केली. इतकी मनापासून शिफारस त्या बैठकीत आजवर कशाचीच झाली नव्हती.

आवकराव निघाले तेव्हा साहेब जिन्यापर्यंत मागे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आवकराव, ती बाई शेवटी परत येते का हो?”

“पुस्तक टेबलावरच आहे, साहेब. वाचा ना.”

साहेब एक पाऊल मागे सरले. “छे, छे. थोडक्यात सांगा. मला पुढच्या सोमवारी शिफारस करायचीय.”

आवकरावांनी नमस्कार केला आणि जिना उतरले. घरी ताई सामान बांधत होती.

ते पुस्तक अजून त्याच टेबलावर आहे. कार्यालयात प्रत्येकाने त्याची शिफारस केली आहे, आणि ते विचार करायला लावतं याबद्दल दुमत नाही. ती बाई परत येते का, हे पुस्तक न उघडता तुम्हालाही विचारावंसं वाटलं असेल. पण ही गोष्ट मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत, म्हणजे आता तुम्हीही चालू राहिला नाहीत. सामान बांधायला घ्या.