कुंदाताईंच्या पणज्या

जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये नवीन मराठी बाई दिसली की बाकीचे विचारतात, "घर मिळालं का?" कुंदाताई विचारतात, "आईच्या आईची आई कोण?" मला त्यांनी सुपरमार्केटात, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनपुढे गाठलं. मागे रांग, हातात बाटल्या आणि समोर ही तोंडी परीक्षा.

"नाव आठवत नाही हो," मी म्हटलं.

"फ्रिजची वॉरंटी कधी संपते ते आठवतं ना? आल्झो! मग? पणजी काय फुकट मिळाली होती?"

त्याच संध्याकाळी मी पूर्वजा महिला मंडळाची सभासद झाले. झाले म्हणजे त्यांनी करून टाकलं. मंडळाची कामं दोन: पणज्यांचं स्मरण करायचं आणि मुलांना देशभक्ती शिकवायची. कुंदाताईंच्या मते हे एकच काम, कारण देशासाठी काही न केलेली पणजी त्यांना मान्यच नाही. "केलंच असेल. तुम्ही नीट विचारलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी नीट विचारलं. सांगलीच्या मावशीने फोनवर सांगितलं, पणजी एक नंबरची भांडखोर. एकदा गोऱ्या साहेबाचा घोडा परसातल्या वालाच्या शेंगा खात होता, तर तिने काठी हाणली. घोड्याला, साहेबाला नव्हे. पुढच्या बैठकीत कुंदाताईंनी जाहीर केलं, "हिच्या पणजीने इंग्रजांच्या घोडदळावर एकटीने हल्ला केला!" टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, माझीही मान ताठ झाली.

स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम सगळ्यांच्या सोयीने रविवारी असतो, आणि इथे रविवारी जरा आवाज झाला की शेजारी खिडकीत येऊन उभे राहतात. म्हणून आमच्या मुली मुठी आवळून, गळ्याच्या शिरा ताणून, 'भारतमाता की जय' कुजबुजतात. "गेनाऊ! अगदी बरोबर! शिस्त हीसुद्धा देशभक्तीच," कुंदाताई म्हणतात. अर्थात कुजबुजतच.

मग प्रत्येक घरातली मुलगी आपल्या पणजीवर चार वाक्यं बोलते. कुंदाताईंच्या घरचं मात्र कुणीच बोलत नसे. लेक दूर गार्चिंगला संशोधनात गुंतलेली, जावई जर्मन, आणि नात लेना दर वर्षी नेमकी हँडबॉलच्या मॅचला. लेनाला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. एकदा लाडू वळताना कुंदाताई एकदम म्हणाल्या, "सगळ्यांच्या पणज्या गोळा केल्या गं मी. माझं नाव घ्यायला कोण राहणार?" दिवसभर दुसऱ्यांना दामटणाऱ्या बाईचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी त्यांच्यापुढची परात ओढून घेतली आणि उरलेले लाडू वळले.

यंदा लेना आली. कुंदाताईंनी महिनाभर फोनवरून तिचं भाषण घोटून घेतलं होतं. विषय कुंदाताईंची आई, म्हणजे लेनाची पणजी, जी पिठाच्या डब्यात चळवळीची पत्रकं लपवायची. कुंदाताई पहिल्या रांगेसमोर उभ्या, ओठांवर तिच्याआधी तिचं भाषण.

लेना पुढे आली आणि जर्मनमध्ये सुरू झाली, "त्या पणजीला मी कधी पाहिलं नाही. मी माझ्या ओमाबद्दल, म्हणजे आजीबद्दल सांगणार आहे. ओमा या गावात आली तेव्हा तिला कुणीच ओळखत नव्हतं. आता तिला सगळ्यांच्या पणज्या माहीत आहेत."

"नाइन, नाइन!" कुंदाताई रविवार विसरून ओरडल्या. "अगं, पूर्वजा म्हणजे गेलेली बाई! मी आहे अजून!"

लेनाने जरा विचार केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग मी तोवर थांबू का?"

एकीला हसू फुटलं, पण ते लगेच विरलं. कुंदाताई मटकन खुर्चीवर बसल्या. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"नको गं बाळा," त्या म्हणाल्या. "आत्ताच बोल. मलाही ऐकू दे."