नारळ फोडलेली रेघ

पालीच्या कुंडलिकरावांचं ठाम मत होतं, की घर रचायला शिक्षण लागत नाही, वळणाचा अंदाज लागतो! आणि वळणाचा अंदाज आपल्याइतका अख्ख्या वेल्हे तालुक्यात कुणाला नाही, हेही त्यांचंच मत. त्यांची उभी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेली. "धुक्यात पाबे घाट उतरिवणाऱ्या माणसाला चार खोल्या मांडता येऊ न्हाईत व्हय?" असं ते पारावर विचारत. पारावरची माणसं बिचारी काय बोलणार? त्यांतली निम्मी तर त्यांच्याच गाडीतून तो घाट उतरलेली होती.

रस्त्याकडच्या माळावर नवं घर बांधायचं ठरलं, त्याला कारण होतं मुलगा अमृत. अमृत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आर्किटेक्ट होता. आता, तो घरं बांधत नाही हे कुंडलिकरावांना पक्कं ठाऊक होतं. गावातलं कुणी जिन्याचा सल्ला विचारायला आलं, की ते स्वतःच समजावून सांगत. "आमचा अमृत रचना करतो, पर ती दिसत न्हाई. तुमी मोबाईलवर पैसं पाठिवता, तवा ते ज्या खोल्यांतनं जात्यात, त्या खोल्या ह्यो मांडतो." ऐकणारा मान डोलवायचा आणि जिना गवंड्याच्या मर्जीवर सोडून द्यायचा.

अमृतची तिशी उलटली होती आणि जुन्या घरापायी दोन-चार स्थळं हातची गेली होती. अशात किकवीचं स्थळ आलं. मुलगी अश्विनी, तीही आर्किटेक्ट, पण विटा-सिमेंटची! पुण्यात दोघांची एकदा गाठ पडली, मग फोन सुरू झाले, आणि अमृत जेवताना उगाच हसायला लागला. त्याच्या आईनं, अंबूबाईंनी, ते बरोबर हेरलं. पोरगं मनानं गुंतलंय, आता हे स्थळ हुकता कामा नये, एवढंच त्यांनी नवऱ्याला सांगितलं. येत्या रविवारी मुलगी आणि तिचे वडील घराची जागा बघायला येणार होते. त्यानंतर काय तो होकार.

"अवो, ती एवढी शिकल्याली हाय, तर तिलाच विचारा की घर कसं काढायचं," अंबूबाई म्हणाल्या.

"वा! जागा बघाया आल्याल्या पोरीला कामाला लावायचं? उद्या किकवीत म्हंतील, ह्यांना सून नको हुती, गवंडी पायजे हुता! रविवारी तिला खणलेला पाया दावतो का न्हाई बघ!"

सोमवारी कुंडलिकरावांनी पांढऱ्या फक्कीचं घमेलं उचललं, दोऱ्या ताणल्या आणि माळावर घर आखलं. मोठं बैठकीचं दालन, पुढून आत, मागून बाहेर. कुठल्याही खोलीत शिरलेल्या माणसाला आल्या वाटेनं परतायची पाळी येऊ नये, रिव्हर्स नावाचा प्रकारच नको, हे सूत्र. त्यामुळे घराला दारं जास्त आणि भिंती कमी झाल्या. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि कुंडलिकराव कमरेवर हात ठेवून स्वतःच्या रेघांकडे बघत राहिले.

गुरुवारी अमृत आला. त्यानं रेघा बघितल्या. अश्विनी हे बघणार!

"आबा, असं नसतं हो. मोटर बिघडली, नळ तुंबला, तर अख्खं घर बंद पडेल. प्रत्येक गोष्टीला पर्याय पाहिजे." मग त्यानं दोन स्वयंपाकघरं सांगितली, दोन जिने सांगितले, दोन न्हाण्या सांगितल्या. "आणि एका खोलीत काय चाललंय ते दुसऱ्या खोलीला कळता कामा नये. रचनेचा पहिला नियम आहे तो."

"मग एका घरात ऱ्हायाचं तरी कशाला रं?" अंबूबाईंनी विचारलं.

अमृतनं जुन्या रेघा पुसायला खराटा उचलला. त्याबरोबर अंबूबाई ओरडल्या, "हात लावू नगंस! नारळ फोडल्याली रेघ पुसत न्हाईत. घर पुसल्यावानी हुतं ते!"

यावर वाद शक्य नव्हता. अंबूबाईंशी वाद त्या घरात कुणीच कधी घातला नव्हता. तेव्हा अमृतनं बापाच्या घरावरच आपलं घर आखलं. कुंडलिकरावांनीही मनात विचार केला, पोरगं हौसेनं करतंय, काढू दे रेघा, खणताना आपलीच खणू. वर त्यांनी स्वतःच दुसरा नारळ आणून दिला.

शुक्रवारी मार्गासनीहून अंबूबाईंचे भाऊ कोंडिबा आले. त्यांनी मोबाईलवर बघून बघून वास्तुशास्त्र शिकून घेतलं होतं आणि विद्या वाटायला ते सदा तयार असत. त्यांनी होकायंत्र लावलं आणि कपाळावर हात मारला.

"दाजी! आग्नेयला न्हाणी? असल्या घरात सोयरीक टिकंल व्हय?"

सोयरीक हा शब्द ऐकल्यावर कुणाची काय बिशाद! कोंडिबांनी अख्खं घर कलतं करून, रस्त्याला तिरपं, फक्कीनं पुन्हा आखलं. मध्ये देवघर, त्याला एकच तोंड. तिसरा नारळ फुटला. मेव्हण्याचा मान म्हणून कुंडलिकराव गप्प बसले. त्या आठवड्यात घरात खोबऱ्याशिवाय भाजी शिजली नाही. आणि तिघांपैकी प्रत्येकाला मनातून खात्री होती, की बाकीच्या दोघांनी आपलं ऐकलंय.

शनिवारी गोरख त्याचं जेसीबी घेऊन माळावर आला. घरचे सगळे पाहुण्यांच्या तयारीला पांगलेले. कुंडलिकराव वेल्ह्याच्या बाजारात पेढे चाखून बघत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"तात्या, हितं रेघा लई हायत वो," गोरख म्हणाला.

कुंडलिकरावांना राग आला. आजकालच्या पोरांना दोन दारं जास्त दिसली की कामाचा कंटाळा! "हायत तर हायत! नारळ फोडून मारल्यात त्या. एक पर सोडू नगं, समद्या खण!"

"समद्या?"

"समद्या! आन् चांगलं छातीएवढं खोल घे!"

गोरख आज्ञाधारक माणूस. त्यानं एकही सोडली नाही.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन कुंडलिकराव माळावर उभे राहिले, तेव्हा माळ म्हणावा असा भाग थोडाच उरला होता. घुशींची अख्खी जमात महिनाभर राबली असती तरी तिला एवढं साधलं नसतं! सरळ चर, आडवे चर, त्या सगळ्यांना छेदणारे तिरपे चर, आणि मधेमधे मातीची बेटं. त्यातल्या एका बेटावर पाण्याची टाकी आणि दुसऱ्यावर शेजाऱ्यांची शेळी अडकून पडलेली. गोरख कधीच पुढच्या कामाला निघून गेला होता. चर बुजवायला जवळपास दुसरं जेसीबी मिळेना. अमृत आला आणि आपलं दुसरं स्वयंपाकघर शोधत काठाकाठानं फिरला. कोंडिबांनी होकायंत्र हळूच खिशात टाकलं.

रविवारी सकाळी पाहुण्यांच्या आधी राजगडाला निघालेली पुण्याची पोरं तिथं थांबली. "काका, शिवकाळातलं बांधकाम सापडलं का हो?" म्हणत त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. एकानं तर चपला काढून नमस्कार केला! "पुढं चला, गड वर हाय," कुंडलिकरावांनी त्यांना हाकललं, आणि त्याच वेळी किकवीची गाडी येऊन उभी राहिली.

अश्विनी उतरली, तिचे वडील गेनूभाऊ उतरले. गेनूभाऊ अंगानं भारदस्त, कपडे पांढरेशुभ्र. अश्विनी चरांकडे बघत राहिली. गेनूभाऊंना मात्र जागा आवडली.

"हितनं गड काय झकास दिसतुया!" असं म्हणत नीट दिसावा म्हणून ते दोन पावलं मागं सरकले आणि दिसेनासे झाले.

"बाबा!" अश्विनी किंचाळली. अमृतनं मागचापुढचा विचार न करता चरात उडी टाकली. "पाव्हणं!" म्हणत कुंडलिकराव उतरायला गेले आणि घसरत आत पोचले. कोंडिबांनी वरून हात दिला, तर तो हात धरून गेनूभाऊंनी त्यांनाही आत घेतलं. कुणाला लागलं नव्हतं. पण काठाला हात घातला की माती सुटायची, आणि गेनूभाऊंना वर ढकलणं हे माणसांचं काम नव्हतं.

"तुमी कशाला उडी मारली?" गेनूभाऊंनी धापा टाकत अमृतला विचारलं.

"तुम्ही एकटे पडला होता म्हणून," अमृत म्हणाला.

गेनूभाऊंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. कुंडलिकरावांना मात्र ते दिसलं नाही. त्यांना दिसत होते पाहुण्यांचे लाल मातीनं माखलेले कपडे. गेलं हे स्थळ, आणि आपल्या पायी गेलं! त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात वरून अंबूबाईंचा आवाज आला. आठवडाभर तिघांची तिन्ही घरं ऐकून ऐकून त्यांना पाठ झाली होती.

"पाव्हणं, सरळ चला! ते अमृतचं दुसरं सैपाकघर. त्याच्या म्होरं उजवीकडं वळा. अवो, तुमी कुठं निगाला? ते कोंडिबाचं देवघर, त्याला म्होरनं वाट न्हाई! मागं फिरा! आता ह्यांच्या बैठकीतनं तिरपं जावा, तकडं गोरखनं उतार ठिवलाय."

खालून चार डोकी एकामागून एक चालली होती. अश्विनी मातीच्या ढिगावर बसली होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उतारावरून पहिले गेनूभाऊ वर आले, मग बाकीचे. अंबूबाईंनी पाण्याची कळशी पुढं केली. कुंडलिकरावांनी हात जोडले.

"पाव्हणं, चूक माजी. समद्या खण म्हून म्याच सांगितलं. पोराचा काय बी दोष न्हाई."

गेनूभाऊंनी तोंड धुतलं आणि मुलीकडे बघितलं. "बोल बाय. तुजा निर्णय."

अश्विनीनं डोळे पुसले. "मुलगा मला आधीच पसंत होता. आई तर आत्ता फारच पसंत पडल्या. हे सगळं बुजवून घेऊ. घर मी आणि आई मिळून आखू. फक्त एक अट आहे."

"बोल पोरी!" कुंडलिकरावांच्या जिवात जीव आला. "शंभर अटी घाल!"

"आखणीच्या दिवशी आबा, मामा आणि अमृत, तिघांनी सकाळी गडावर जायचं. नारळ फोडून झाल्यावर आम्ही फोन करू. तोवर खाली उतरायचं नाही."

"मंजूर!" गेनूभाऊच ओरडले.

साखरपुडा झाला, आखणीचा दिवसही ठरला. कुंडलिकराव जन्मभर गडाच्या पायथ्याशी राहिले, पण शाळेच्या सहलीनंतर काही वर गेले नव्हते. हल्ली ते रोज सकाळी काठी घेऊन पाली दरवाज्याच्या वाटेनं, दम लागेपर्यंत चढून येतात. वाटेत कुणी विचारलंच, तर सांगतात, "डाक्टरनं सांगितलंय."